पाच उद्याने आणि एक वसाहत : दादर-माटुंग्यातील मोकळ्या जागेचा इतिहास

प्रस्तावना

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम किल्ले, लेणी, मंदिरे आणि राजवाडे येतात. ज्या घरात कोणी राजा राहिला नाही, जेथे कोणताही तह झाला नाही, जेथे केवळ कारकून, शिक्षक, अभियंते आणि छोटे व्यापारी तीन-चार पिढ्या संसार करीत आले, अशा घराला ऐतिहासिक म्हणावे की नाही, याविषयी अभ्यासकांतही एकवाक्यता नव्हती. नागरी इतिहासाच्या अभ्यासाने गेल्या काही दशकांत ही दृष्टी बदलली. शहर हे केवळ सत्तेचे केंद्र नसून राहण्याची एक पद्धती आहे आणि त्या पद्धतीचा सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे निवासी वसाहत होय, हे आता मान्य झाले आहे.

या दृष्टीने मुंबईतील दादर-माटुंगा परिसर विशेष महत्त्वाचा आहे. मंचेरजी जोशी उद्यान, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले ‘फाईव्ह गार्डन’, त्याच्या भोवतीची दादर पारशी कॉलनी आणि लगतची हिंदू कॉलनी यांमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील घरे आजही मोठ्या संख्येने उभी आहेत. प्रस्तुत लेखात या वसाहतीच्या निर्मितीची कारणे, तिला आकार देणारे नियम आणि तिच्या जतनाचा प्रश्न यांचा विचार केला आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, या परिसराचा खरा वारसा एखाद्या इमारतीच्या दर्शनी भागात नसून बांधलेली जागा आणि मोकळी सोडलेली जागा यांच्या प्रमाणात आहे. घर आणि उद्यान या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. त्या एकाच विचारातून जन्मल्या. म्हणूनच त्यांपैकी एकीचे जतन दुसरीला वगळून करता येणार नाही.

प्लेग आणि इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट

या वसाहतीचा उगम एका भयंकर साथीत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीच्या प्लेगचे निदान झाले. हे निदान करणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. पुढील काही महिन्यांत शहरात हाहाकार उडाला. ज्यांना शक्य होते ते गाव गाठू लागले, गिरण्यांतील हजेरी घटली, व्यापार थंडावला. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ इतकी नोंदली गेली. वाढत्या बंदराच्या आणि गिरण्यांच्या शहरात दशकाअखेरीस माणसे कमी व्हावीत, यावरून त्या आघाताची कल्पना येते.

या संकटाला उत्तर म्हणून सरकारने १८९८ मध्ये कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन केली. दाट वस्त्या मोकळ्या करणे, नवे रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेकडील जमीन विकसित करून तेथे नवी वस्ती वसवणे ही तिची प्रमुख कामे होती. ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्तेही तिच्याच कार्याचे फलित. दादर-माटुंगा ही तिची पाचवी आणि शीव-माटुंगा ही सहावी योजना होती. शतकाच्या वळणावर आखलेल्या या योजनांनुसार दादर-माटुंग्यात सुमारे ६०,००० आणि शीव-माटुंग्यात तेवढ्याच लोकांची सोय व्हावी, असा अंदाज बांधण्यात आला होता. आजवर शेती आणि विखुरलेली गावठाणे असलेल्या भूभागावर आधी रस्ते, गटारे, चौक व बागा आखायच्या आणि मग भूखंड पाडून ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, ही पद्धत मुंबईला नवी होती. तोवर शहरात घरे आधी उभी राहत आणि रस्ता त्यांच्यामधून वाट काढी. येथे क्रम उलटा झाला.

या कार्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. ट्रस्टने जुन्या वस्त्यांत जेवढी घरे पाडली, तेवढ्या प्रमाणात तेथून उठलेल्या गरिबांची सोय झाली नाही. प्रशांत किदंबी आदी इतिहासकारांनी ही विसंगती विस्ताराने दाखवली आहे. मांडवी-नागपाड्यातून निघालेला मजूर दादरच्या नव्या भूखंडावर राहायला आला नाही. तो शेजारच्या आणखी एका दाट चाळीत शिरला. गरिबांच्या वस्तीतील रोगराईचे कारण दाखवून जी संस्था निर्माण झाली, तिचा सर्वांत सुंदर परिपाक मध्यमवर्गाच्या वाट्याला आला. या वसाहतीच्या कौतुकात हा मूळ विरोधाभास विसरता येणार नाही.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

ट्रस्टच्या नियोजनामागे एक ठाम वैद्यकीय समजूत होती. कोंदट हवा, अंधार आणि ओल यांतून रोग पसरतो, असे तत्कालीन अधिकारी मानत. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्ये भारतात केलेल्या प्रयोगांतून मांडले. परंतु या निष्कर्षाला सर्वमान्यता मिळण्यास जवळपास एक दशक लागले. तोपर्यंत ‘उजेड आणि हवा’ हेच नगररचनेचे ब्रीद ठरून गेले होते.

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या ब्रीदाला गणिती रूप दिले. भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करू नये, असा त्यांचा आग्रह होता. या कोनाचा व्यवहारातील अर्थ सोपा आहे. समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. बारा मीटर उंचीच्या इमारतीसमोर किमान सहा मीटर. एवढे अंतर राखले तर तळमजल्यावरील खोलीतही आकाशाचा उजेड पोहोचतो.

प्लेगच्या कारणाविषयीची समजूत अपुरी होती, हे खरे. केवळ उजेडाने पिसवा मरत नाहीत. तथापि, अपुऱ्या वैद्यकशास्त्रातून निघालेल्या या नियमाने राहण्यायोग्य शहर निर्माण केले, हेही तितकेच खरे. घराभोवती सोडलेली पट्टी, दोन इमारतींमधले अंतर, रुंद रस्ता, रस्त्याकडेची झाडे आणि चौकातील बाग ही एकाच सूत्राची वाढत जाणारी रूपे आहेत. खिडकीपुढील मोकळीक जेथे संपते, तेथून रस्त्याची मोकळीक सुरू होते आणि रस्ता उद्यानाशी जाऊन मिळतो. पाच उद्याने ही वसाहतीला नंतर जोडलेली शोभा नव्हे. तिच्या रचनेतील तो मध्यबिंदू आहे.

मंचेरजी जोशी आणि पारशी कॉलनी

कागदावरील या आराखड्याला वस्तीचे रूप देण्यात मंचेरजी एदलजी जोशी यांचा वाटा मोठा आहे. जोशी हे ट्रस्टमध्ये अभियंता होते. फोर्ट आणि गिरगावच्या बाजूला दाटीवाटीने राहणाऱ्या निम्न मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांना परवडेल अशी वसाहत नव्या दादरमध्ये व्हावी, असा प्रयत्न त्यांनी केला आणि ट्रस्टकडून १०३ भूखंड पारशी समाजासाठी राखून घेतले. भूखंड मिळवणे हे अर्धेच काम होते. शहरापासून दूर, जेथे अजून शेजारपाजार नाही अशा ठिकाणी कुटुंबांनी यावे, म्हणून त्यांचे मन वळवणे हे उरलेले अर्धे. पहिल्या महायुद्धानंतर शहरातील जागेची टंचाई तीव्र झाली आणि त्या काळात येथील बांधकामालाही वेग आला.

जोशी यांनी वसाहतीचा विचार इमारतीपुरता ठेवला नाही. कोणत्या रस्त्यावर कोणती झाडे असावीत, हेही त्यांच्या आराखड्यात होते. जामे जमशेद मार्गावर अशोक आणि फिरदौसी मार्गावर महोगनी अशी योजना करण्यात आली. एका रस्त्याला एका जातीची झाडे दिल्यामुळे प्रत्येक रस्त्याला स्वतःची सावली आणि स्वतःची ओळख मिळाली. इमारती सामान्यतः तळमजला आणि त्यावर दोन मजले एवढ्याच. बाल्कनी, ओतीव लोखंडाचे किंवा दगडी-सिमेंटचे कठडे, लाकडी जिने आणि दर्शनी भागावरील मोजके नक्षीकाम ही त्यांची लक्षणे. वसाहतीत अग्यारी, शाळा आणि पारशी धर्मगुरूंच्या शिक्षणासाठीची अथोर्नान संस्था यांनाही स्थान मिळाले.

मुंबईतील इतर पारशी वसाहतींशी तुलना केल्यास दादरचे वेगळेपण स्पष्ट होते. कुलाब्याची खुसरो बाग किंवा भायखळ्याची रुस्तम बाग या वाडिया कुटुंबाच्या धर्मादाय निधीतून उभ्या राहिलेल्या, स्वतंत्र आवाराच्या वसाहती आहेत. त्यांचे फाटक बंद केले की बाग आणि शहर वेगळे होतात. दादर पारशी कॉलनीला असे कुंपण नाही. तिचे रस्ते सार्वजनिक आहेत, उद्यानेही सार्वजनिक आहेत. सायंकाळी त्या बागांत माटुंग्याचा तमिळ विद्यार्थी, हिंदू कॉलनीतील मराठी आजोबा आणि कॉलनीतील पारशी वृद्धा एकाच पायवाटेवर चालतात. घर राखीव, पण बाग सर्वांची, अशी ही मांडणी आहे.

शेजार : हिंदू कॉलनी, माटुंगा आणि राजगृह

याच योजनेतील शेजारच्या भूखंडांवर हिंदू कॉलनी उभी राहिली. तिच्या गल्ल्या नावांऐवजी क्रमांकांनी ओळखल्या जाऊ लागल्या. माटुंग्याच्या बाजूस दक्षिण भारतीय कुटुंबे स्थिरावली. इतिहासकार निखिल राव यांनी दाखविल्याप्रमाणे, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचकूप यांसह स्वयंपूर्ण असलेली ‘फ्लॅट’ पद्धती मुंबईत रुजण्यात या उपनगरांचा वाटा महत्त्वाचा होता. चाळीतील सामायिक मोरी आणि सामायिक शौचकूप यांपासून स्वतंत्र दाराआडच्या संसारापर्यंतचा हा प्रवास घराच्या आराखड्यापुरता मर्यादित नव्हता. शुचिता, जात, खाजगीपणा आणि प्रतिष्ठा यांविषयीच्या कल्पनाही त्याबरोबर नव्याने घडत होत्या.

परिसरात शिक्षणसंस्थांसाठीही जागा राखण्यात आल्या. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्यास आली. रामनारायण रुईया महाविद्यालय आणि खालसा महाविद्यालय १९३७ मध्ये, तर पोदार वाणिज्य महाविद्यालय १९४१ मध्ये सुरू झाले. निवास, शाळा, महाविद्यालय आणि बाग चालत जाण्याच्या अंतरावर असावेत, ही कल्पना येथे प्रत्यक्षात उतरली.

पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी ही नावेच सांगतात की ही वस्ती समाजगटांनुसार विभागलेली होती. आरोग्याच्या नावाने आखलेल्या भूखंडांवर जातीच्या आणि धर्माच्या सीमा पुन्हा उमटल्या. या पार्श्वभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकाच्या प्रारंभी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, या घटनेचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. आपल्या ग्रंथसंग्रहाला पुरेशी जागा मिळावी, हा त्या घराच्या रचनेमागील मुख्य हेतू होता. परळच्या चाळीत राहिलेल्या आणि शहरात अस्पृश्यतेचा अनुभव घेतलेल्या विद्वानाने उच्चवर्णीय मध्यमवर्गाच्या वसाहतीत घर उभारून त्याला प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव द्यावे, ही वसाहतीच्या अलिखित नियमांत पडलेली एक मोठी फट होती. आज या परिसरातील सर्वांत वंदनीय वास्तू तीच आहे. ज्या वारशाचा आपण गौरव करतो, त्याचा काही भाग नियम पाळण्यातून आणि काही भाग नियम मोडण्यातून आलेला असतो, हे येथे ध्यानात येते.

जतन नेमके कशामुळे झाले?

ट्रस्ट १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाला. त्यानंतर नऊ दशके ही घरे टिकली, ती कोणत्याही जतन-कायद्यामुळे नव्हे. त्यांच्या टिकण्याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण भाडेपट्ट्याच्या अटी. उंची, मोकळी जागा आणि वापर यांवरील बंधने जमिनीच्या दस्तऐवजातच असल्याने त्यांचा भंग करणे सोपे नव्हते. दुसरे कारण समाजाची पकड. भूखंड समाजासाठी राखीव असल्यामुळे खुल्या बाजाराची स्पर्धा येथे मर्यादित राहिली. तिसरे आणि सर्वांत विलक्षण कारण १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडेकरूला संरक्षण मिळाले. परंतु मालकाला इमारत पाडून नवी बांधण्यात लाभ उरला नाही आणि जुनी दुरुस्त करण्यात तर मुळीच नाही. अशा रीतीने ज्या कायद्याने घरे पाडण्यापासून वाचवली, त्यानेच ती हळूहळू जीर्ण होऊ दिली. १९९९ च्या नव्या भाडेनियंत्रण कायद्यानेही जुन्या भाडेकरारांच्या बाबतीत हा पेच मूलतः सोडवला नाही.

या तिन्ही आधारांना पुढे तडे गेले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने वाढीव चटई क्षेत्राचे दार उघडले. जमिनीच्या किमती इतक्या वाढल्या की तीन मजल्यांचे घर हा जमिनीचा अपव्यय वाटू लागला. दुसरीकडे समाजाची संख्या घटली. भारतातील पारशांची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ६९,६०१ होती. २०११ मध्ये ती ५७,२६४ झाली, म्हणजे एका दशकात जवळपास १८ टक्के घट. घर समाजासाठी राखून ठेवले आणि त्यात राहणारा समाजच उणावत गेला, तर राखीवपणाचा अर्थ काय उरतो, हा प्रश्न कॉलनीतील अनेक बंद खिडक्या विचारतात.

वारसा यादी आणि रहिवासी

मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. भारतातील शहरांच्या पातळीवरचा हा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होता. वास्तूंची तीन श्रेणींत वर्गवारी करण्यात आली आणि सुट्या वास्तूंबरोबर संपूर्ण परिसराचीही नोंद करण्याची तरतूद झाली. २०१२ मध्ये यादीचा विस्तार प्रस्तावित करण्यात आला, तेव्हा शिवाजी पार्क परिसर आणि दादर-माटुंग्यातील वस्त्या तिच्या कक्षेत आल्या. त्यावर रहिवाशांकडून, विशेषतः शिवाजी पार्कच्या बाजूने, तीव्र हरकती घेण्यात आल्या.

शिवाजी पार्कचे उदाहरण येथे तुलनेसाठी उपयुक्त आहे. १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुले झाले आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. मैदान आणि त्याच्या भोवती बेताच्या उंचीची घरे, अशी तीच रचना. मैदानाबद्दल ज्यांना उत्कट प्रेम होते, त्यांनीच घरांच्या नोंदीला विरोध केला. बाहेरून पाहणाऱ्याला यात विसंगती वाटेल. पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, गळक्या छताखाली आणि उद्वाहकाविना तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्यात विसंगती नाही. वारशाची किंमत एकट्या रहिवाशाने मोजावी आणि त्याचे सौंदर्य सगळ्या शहराने उपभोगावे, ही वाटणी त्यांना अन्यायाची वाटली. यादीत नाव घालणारी यंत्रणा दुरुस्तीचा खर्च देत नाही, ही त्यांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. बांधता न आलेल्या क्षेत्राच्या मोबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची कल्पना नियमावलीत होती. परंतु अनेक भाडेकरू, भाडेपट्टेदार आणि विश्वस्त यांच्यात हक्क विभागलेल्या इमारतीत तो मोबदला छप्पर दुरुस्तीपर्यंत पोहोचणे सोपे नव्हते.

तथापि, विरोधकांच्या युक्तिवादातही एक त्रुटी राहते. प्रत्येक भूखंडाचा विचार सुटा केला, तर प्रत्येक पुनर्विकास समर्थनीय ठरतो. एका इमारतीने वीस मजले चढवले तर तिच्या रहिवाशांना उजेड, हवा आणि बागेचा देखावा मिळतो. कारण शेजारी अजून तीन मजल्यांचे आहेत. सर्वांनी तेच केले, तर कोणालाच ते मिळत नाही. येथील मोकळीक ही कोणा एकाच्या मालकीची नाही. ती सर्वांनी थोडे थोडे न बांधल्यामुळे निर्माण झालेली सामायिक संपत्ती आहे. उद्यानाचे क्षेत्रफळ तेवढेच राहिले, तरी भोवतीची वस्ती कित्येक पट झाल्यावर ते उद्यान पूर्वीचे राहत नाही. वाहनतळाची मागणी, तळघरांची खोदाई आणि रस्तारुंदी यांचा पहिला घाव झाडांच्या मुळांवर पडतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, दादर-माटुंग्याची वसाहत ही प्लेगोत्तर आरोग्यविचार, ट्रस्टची भूमिनीती आणि समाजगटांचा पुढाकार यांच्या संयोगातून घडली. तिच्यात शहरसुधारणेचे यश आणि वर्जनाचा इतिहास एकत्र नांदतात. दुसरा, तिचे जतन हेतुपूर्वक कमी आणि कायद्यांच्या अनपेक्षित परिणामांतून अधिक झाले. तिसरा, म्हणूनच जतनाचे एकक इमारत न मानता बांधलेल्या व मोकळ्या जागेचे प्रमाण मानावे.

हे एकक स्वीकारल्यास धोरणाची दिशाही बदलते. जीर्ण झालेली प्रत्येक भिंत जशीच्या तशी ठेवण्याचा आग्रह सोडता येईल. त्याऐवजी इमारतीभोवतीची मोकळी पट्टी, समोरच्या घराच्या उजेडाचा हक्क, रस्त्याच्या रुंदीशी उंचीचा संबंध, झाडांच्या रांगा आणि उद्यानांची सार्वजनिकता या बाबी मात्र तडजोडीच्या पलीकडे ठेवाव्या लागतील. त्याच वेळी दुरुस्तीसाठी सार्वजनिक निधी उभारल्याशिवाय रहिवाशांकडून त्यागाची अपेक्षा करणे न्याय्य होणार नाही. राजगृहासारखी वास्तू अर्थातच या सर्वसाधारण नियमाच्या वर आहे. तिचे जतन तिच्या मूळ स्वरूपातच व्हायला हवे.

शेवटी, या परिसरातील महाविद्यालयांकडूनही एक अपेक्षा ठेवता येईल. येथील घरांचे आराखडे, भाडेपट्ट्यांचे दस्तऐवज, झाडांची गणना आणि वृद्ध रहिवाशांच्या आठवणी यांचे संकलन इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करणे शक्य आहे. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून निघालेली मुंबईची शेवटची ट्राम दादरला येऊन थांबली. रूळ गेले, ट्राम गेली, ‘दादर टी.टी.’ हे नाव तेवढे लोकांच्या बोलण्यात राहिले आणि ‘टी.टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आज अनेक विद्यार्थ्यांना सांगावे लागते. ‘फाईव्ह गार्डन’ हे नावही तसेच उरू द्यायचे नसेल, तर ही नोंद घरे उभी असतानाच व्हायला हवी.